सॅमनचे दप्तर

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या वॉशिंग्टन राज्यात व्यापारी मच्छीमाराकडून सॅमन विकत घेणाऱ्यावर एक कागद भरण्याची कायदेशीर जबाबदारी येते. तिथे त्याला ‘फिश तिकीट’ म्हणतात. मासे कोणत्या जातीचे, किती वजनाचे, कोणत्या पाण्यातले, कोणत्या जाळ्यात सापडलेले आणि कोणी, कधी उतरवले, एवढे त्यात लिहावे लागते. गळ टाकणाऱ्या हौशी माणसाजवळ वेगळे कार्ड असते, त्यावर त्याला प्रत्येक सॅमनची नोंद करावी लागते. याशिवाय सरकारी जीवशास्त्रज्ञ दर हंगामात नदीनाल्यांमधून हिंडून अंडी घालायला परतलेले मासे मोजतात, त्यांनी केलेली घरटी मोजतात. असे कागद पिढ्यान्‌पिढ्या साठत आले आहेत. वरवर पाहता ही कारकुनी आहे. पण गेल्या पन्नास वर्षांत त्या राज्यातले नद्यांचे, रस्त्यांचे आणि मूलनिवासी जमातींच्या हक्कांचे राजकारण या दप्तराने जितके हलवले, तितके कोणत्याही निवडणुकीने हलवले नसेल. आणि त्या दप्तराची थोरवी नेमकी कशात आहे, असे विचारले तर माझे उत्तर एकच आहे: ते आपल्या मालकाविरुद्ध साक्ष देऊ शकले.

1854 आणि 1855 साली तेव्हाच्या वॉशिंग्टन प्रदेशाचे गव्हर्नर आयझॅक स्टीव्हन्स यांनी प्युजेट साउंड या समुद्रखाडीच्या आसपासच्या जमातींशी करार केले. जमातींनी प्रचंड जमीन सोडली. बदल्यात परंपरागत ठिकाणी इतर नागरिकांच्या बरोबरीने मासे धरण्याचा हक्क आपल्याकडे राखून ठेवला. 1889 मध्ये राज्य स्थापन झाले, डबाबंद मासळीचे कारखाने वाढले, समुद्रातच मासे अडवणाऱ्या बोटी आल्या. सॅमन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा नदीत येतो. त्यामुळे नदीच्या मुखाशी आणि काठाशी बसलेल्या जमातींच्या वाट्याला सगळ्यांचे घेऊन झाल्यावर उरलेले मासे येत. राज्याने मात्र बंदी घातली ती याच शेवटच्या जाळ्यांवर, आणि तीही संवर्धनाच्या नावाखाली. निस्क्वाली जमातीचे बिली फ्रँक यांना 1945 मध्ये पहिल्यांदा अटक झाली तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. पुढे अशा अटकांची मालिकाच झाली. 1960 च्या दशकात जमातींनी मुद्दाम जाळी टाकून सत्याग्रह केले, आणि सप्टेंबर 1970 मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारनेच जमातींच्या वतीने वॉशिंग्टन राज्यावर खटला भरला.

या खटल्यात केंद्रीय जिल्हा न्यायालयाचे न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी 12 फेब्रुवारी 1974 रोजी दिलेला निकाल अर्ध्या वाट्यासाठी प्रसिद्ध आहे: परंपरागत ठिकाणी येणाऱ्या, धरण्याजोग्या माशांतला निम्मा वाटा जमातींचा. त्याच निकालातल्या दुसऱ्या एका निष्कर्षाकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही, आणि मला तोच जास्त मोलाचा वाटतो. खटल्याच्या तयारीला तीन वर्षे मिळूनही, जमातीच्या एखाद्या निश्चित ओळख पटलेल्या माणसाने राखीव क्षेत्राबाहेर हक्काची मासेमारी करून माशांच्या कोणत्याही जातीला धोका पोचवला, याचे एकही विश्वासार्ह उदाहरण राज्याची मासेमारीशी संबंधित दोन्ही खाती दाखवू शकली नाहीत, असे बोल्ट यांनी नोंदवले. ज्या कारणासाठी माणसे तुरुंगात टाकली, त्या कारणाचा पुरावाच सरकारी दप्तरात नव्हता. तो असता तर हरकत घ्यायला जागा होती. कारण संवर्धनासाठी खरोखर आवश्यक असलेले निर्बंध जमातींवरही घालता येतात, हे तत्त्व बोल्ट यांनी नाकारले नव्हते. उलट राज्यात किती मासळी उतरते आणि त्यातली किती कोणाच्या हाती जाते, हे आकडे तर उपलब्धच होते. 1958 ते 1967 या काळात करारक्षेत्रातल्या सॅमन आणि ट्राउटपैकी जमातींच्या हाती सुमारे 2 टक्के लागले, ही गोष्ट पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रातच आली. दोन टक्के घेणाऱ्याला संहारक ठरवणारा युक्तिवाद या आकड्यापुढे टिकणे शक्यच नव्हते.

राज्य गप्प बसले नाही. अपील झाले, 1975 मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने बोल्ट यांचा निकाल उचलून धरला. राज्याच्या स्वतःच्या सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये उलटी भूमिका घेतली की मासेमारी खात्याला असे वाटप करण्याचा अधिकारच नाही. मग जिल्हा न्यायालयाला मासेमारीचे नियमन आपल्या हाती घ्यावे लागले. काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळा खुल्या करण्याचे काही खटले सोडले तर केंद्रीय न्यायालयाचा हुकूम मोडून काढण्याची सरकारी आणि खासगी पातळीवर इतकी जोरदार धडपड त्या शतकात झाली नसेल, अशा अर्थाचे शब्द अपील न्यायालयाने वापरले. अखेर 2 जुलै 1979 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकालाचा गाभा कायम ठेवला. पण मोजणीची पद्धत बदलली. राखीव क्षेत्रात धरलेले आणि धार्मिक विधींसाठी किंवा घरी खाण्यासाठी धरलेले मासे बोल्ट यांनी वाट्यातून वगळले होते. ते जमातींच्याच वाट्यात धरावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. हक्क कागदावर एका ओळीत मावतो. तो हाती पडतो की नाही, हे कोणता मासा कोणाच्या खात्यात मांडायचा यावर ठरते. म्हणून जमातींनी 1974 मध्येच आपला मत्स्य आयोग उभा केला, स्वतःचे जीवशास्त्रज्ञ नेमले, आणि आज राज्य व जमाती हंगामाआधी एका टेबलाशी बसून अंदाज ताडून पाहतात.

या सगळ्यावर एक गंभीर आक्षेप आहे. पकडीची नोंद म्हणजे माशांची संख्या नव्हे. मासे कमी उतरले याचे कारण मासे कमी झाले हेही असेल, बोटी कमी गेल्या हेही असेल. शिवाय तिकीट भरणारा खरेदीदार आणि कार्ड भरणारा हौशी माणूस दोघेही चुकतात, लपवतातही. हे खरे आहे. म्हणूनच नुसती तिकिटे पुरत नाहीत, नदीत परतलेल्या माशांची मोजणी तिकिटांच्या शेजारी ठेवावी लागते, आणि परस्परविरोधी हितसंबंध असलेल्या दोन पक्षांनी तीच बेरीज स्वतंत्रपणे तपासावी लागते. एकट्या खात्याच्या आकड्यावर विश्वास ठेवण्याऐवजी दोघांनी भांडून ठरवलेल्या आकड्यावर ठेवणे मला शहाणपणाचे वाटते. विज्ञानाचे प्रश्न न्यायाधीशांनी का सोडवावेत, असेही विचारले जाते. पण न्यायालयाने विज्ञान ठरवलेच नाही; विज्ञानाच्या नावाने केलेल्या दाव्यामागे कागद आहे का, एवढेच त्याने विचारले.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. सरकारचेच संशोधन सरकारच्या अंगावर येणार असेल, तर अधिकारी संशोधन करतील कशाला? याचे उत्तर मोऱ्यांच्या खटल्यात आहे. राज्याच्या महामार्गांखालच्या शेकडो मोऱ्या सॅमनची वाट अडवत होत्या: नळ कुठे फार अरुंद, त्यामुळे पाण्याला जोर, तर कुठे नळाचे तोंड प्रवाहापासून इतके उंच की माशाला उडी घेता येऊ नये. राज्याच्या मत्स्य आणि वाहतूक खात्यांनी 1997 मध्ये विधिमंडळासाठी स्वतःच अहवाल तयार केला. अशा अडथळ्यांच्या वर सुमारे 249 मैल लांबीचे प्रवाह आहेत, आणि ते मोकळे झाले तर दरवर्षी दोन लाख प्रौढ मासे वाढू शकतात, असे त्यात होते. 2001 मध्ये 21 जमाती न्यायालयात गेल्या, तेव्हा हाच अहवाल त्यांच्या हाती होता. 2007 मध्ये न्यायाधीश रिकार्डो मार्टिनेझ यांनी राज्याविरुद्ध निर्णय दिला. त्या वेळच्या वेगाने हे काम पुरे व्हायला शंभरावर वर्षे लागली असती. अपिलात राज्याने सांगितले की मोऱ्यांमुळे मासे फारसे घटल्याचा पुरावा नाही. 2016 मध्ये अपील न्यायालयाने राज्याचाच अहवाल त्याच्यापुढे ठेवला. आता 1974 आणि 2007 शेजारी ठेवून पाहा. पहिल्या वेळी राज्य हरले ते दप्तरात पुरावा नव्हता म्हणून, दुसऱ्या वेळी हरले ते होता म्हणून. म्हणजे नोंद न ठेवल्याने सरकार वाचत नाही, हे याच राज्याच्या अनुभवाने सिद्ध केले आहे. वाचायचे असेल तर एकच रस्ता उरतो: अहवाल आल्या आल्या त्यावर काम सुरू करणे. 1997 मध्ये तसे केले असते, तर राज्याला हे काम आपल्या सोयीने करता आले असते. पुढे ते न्यायालयाने बांधून दिलेल्या मुदतीत करावे लागले, आणि खर्चाचे अंदाज वाढतच गेले.

या खर्चाबद्दल राज्याच्या करदात्यांची तक्रार आहे, आणि एका बाबतीत ती रास्त आहे. महामार्गाच्या वर किंवा खाली तोच ओढा दुसऱ्या कोणाच्या मोरीने अडला असेल, तर महामार्गाखालची मोरी दुरुस्त करून मासा फार पुढे जात नाही. पण यावरचा उपाय उरलेल्या मोऱ्यांचाही हिशेब मांडणे हाच आहे. महामार्गाचा हिशेब मिटवणे नव्हे.

मोऱ्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात पोचला तेव्हा न्यायमूर्ती अँथनी केनेडी त्यातून बाजूला झाले, कारण अपील न्यायालयात असताना त्यांनी याच वादाच्या आधीच्या टप्प्यात भाग घेतला होता. उरलेल्या आठांत चार-चार अशी फूट पडली, आणि 11 जून 2018 रोजी एका वाक्यात खालचा निकाल कायम झाला. मार्टिनेझ यांच्या 2013 च्या हुकुमाप्रमाणे अडलेल्या अधिवासापैकी 90 टक्के 2030 पर्यंत मोकळा करायचा आहे. बाकीच्या मोऱ्यांचे आयुष्य संपून त्या बदलायची वेळ येईल, तेव्हा त्या जागी माशांना वाट देणाऱ्याच मोऱ्या बांधायच्या, असेही त्याच हुकुमात आहे.