स्नायपर रायफल आणि दुर्बीण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

स्नायपर रायफलीच्या विकासात नळीइतकाच दुर्बिणीच्या काचेचाही वाटा आहे. जोसेफ व्हिटवर्थ यांच्या षट्कोनी नळीच्या रायफलीने १८५७ च्या चाचण्यांत एन्फिल्ड रायफलीला अचूकतेत मागे टाकले; मात्र दूरचे लक्ष्य उघड्या डोळ्यांना स्पष्ट दिसत नसे. ही उणीव मुंबई सैन्यातील अधिकारी डेव्हिड डेव्हिडसन यांच्या दुर्बिणीने भरून काढली. अमेरिकन यादवी युद्धात (१८६१-१८६५) दक्षिणेच्या काही नेमबाजांनी या दोहोंचा एकत्रित उपयोग केला. पुढे १८८४ मध्ये ऑटो शॉट यांनी जर्मनीतील येना येथे प्रकाशीय काचेची प्रयोगशाळा स्थापन केली. १९१४ मध्ये ब्रिटन अशा काचेसाठी मुख्यतः जर्मनीवरच अवलंबून होते. खंदकयुद्धाच्या आरंभी जर्मन स्नायपर वरचढ ठरले, त्याचे हे एक कारण होय. तात्पर्य, रणांगणावरील अचूकतेचा पाया प्रयोगशाळेत घातला जातो.