खांद्याचा तोल सांभाळणारे स्नायू

फळीवरचा डबा काढताना किंवा लोकलमधील कडी पकडताना खांद्यातून कळ येते आणि अनेक जण ती वयावर ढकलून मोकळे होतात. या दुखण्याचे मूळ मात्र बऱ्याचदा खांद्याच्या स्नायूंत असते.

खांदा हा शरीरातील सर्वाधिक हालचाल करणारा सांधा. दंडाच्या हाडाचा मोठा गोल माथा पाठीवरील त्रिकोणी, चपट्या हाडाच्या, म्हणजेच फऱ्याच्या, उथळ खोबणीत टेकलेला असतो. खोबण उथळ असल्यामुळे हात चहूकडे फिरतो. पण त्याच कारणाने सांधा निखळण्याचा धोकाही वाढतो. हा माथा जागेवर धरण्याचे काम ‘रोटेटर कफ’ हे चार स्नायूंचे कडे करते. हात बाजूने उचलण्याची ताकद मुख्यत्वे खांद्यावरील ‘डेल्टॉइड’ची, तर तो छातीकडे ओढण्याची ‘पेक्टोरॅलिस मेजर’ची. हात १८० अंशांत वर नेताना साधारण १२० अंशांची हालचाल सांध्यात, तर ६० अंशांची फऱ्याच्या फिरण्यातून होते.

त्यामुळे व्यायामशाळेत केवळ छाती कमावून भागत नाही. पाठीकडील स्नायूंनाही तितकाच व्यायाम हवा.

पडल्यानंतर हात उचलता येईनासा झाल्यास अस्थिरोगतज्ज्ञांना त्वरित दाखवावे. खांद्यातील कळीबरोबर छातीत दडपण, घाम किंवा धाप जाणवल्यास मात्र ते हृदयविकाराचे लक्षण असू शकते. अशा वेळी मलम चोळत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे.