तुमचा चेहरा वाकडा आहे!

रागावलात? थांबा. आरशासमोर उभे राहा आणि वहीने अर्धा चेहरा झाका. आधी डावा, मग उजवा. एक भुवई किंचित वर, एक गाल जरा जास्त भरलेला. दिसलं ना? आता मालेगावच्या बाजारात जा. भाजीवाली मावशी, शिरपूरहून आलेले आजोबा, तुमच्या मॅडम... सगळ्यांचे चेहरे असेच थोडे थोडे वाकडे!

या वाकडेपणाची एक गोष्टच आहे. माणसांचा अभ्यास करणाऱ्या इरावती कर्वे यांचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशात झाला. तिथल्या इरावती नदीवरून त्यांचं नाव ठेवलं. पुढे त्या शिकायला बर्लिनला गेल्या. त्यांचे प्राध्यापक ऑयगेन फिशर यांना वाटे, गोऱ्या युरोपीय लोकांच्या कवटीचा वाकडेपणाच वेगळा, म्हणून त्यांची बुद्धी सरस! इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. काय आढळलं? कवट्या वाकड्या असतात खऱ्या, पण त्याचा वंशाशी काही संबंध नाही. गुरूंना पटो न पटो, बाईंनी तेच लिहून दिलं.

१९३९ साली त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्या. मग गावोगाव हिंडून माणसांची उंची, डोकी, नाकं मोजू लागल्या, त्यांच्या रीतीही पाहू लागल्या. आपल्याला माठ घडवणारे सगळे कुंभार सारखेच वाटतात. पण बाईंनी पाहिलं, की कुणाचं चाक मोठं, कुणाचं लहान, आणि या दोन गटांत सोयरीकही होत नसे!

माणसांमधलं साम्य आणि फरक पाहायला आता शास्त्रज्ञ पेशीतला डीएनएही वाचतात. ही आईबाबांकडून आलेली बारीकशी चिठ्ठी. हाडांतही ती सापडते, पण जुनी झाली की विरून जाते. डेक्कन कॉलेजच्याच वसंत शिंदे यांनी हरियाणात राखीगढी या प्राचीन वस्तीच्या जागी उत्खनन केलं. तिथल्या हाडांच्या ६१ नमुन्यांपैकी फक्त एकातून वाचण्याजोगा डीएनए मिळाला. तो होता सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या एका बाईचा! कानाजवळच्या टणक हाडात तो टिकला होता. हे संशोधन २०१९ साली प्रसिद्ध झालं.

आणि गंमत म्हणजे, जगातल्या कोणत्याही दोन माणसांचा डीएनए जवळजवळ ९९.९ टक्के सारखाच असतो.

तेव्हा दोस्तांनो, कुणी म्हणालं, ‘त्या गावची माणसं बुद्धीने कमीच,’ तर इरावतीबाईंना आठवा आणि विचारा, “मोजलं काय?”