घरच्या गॅरेजमध्ये गाडीला सुपरचार्जर : मुलगा म्हणाला तर आधी काय विचाराल?

रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी आमच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे आपाचा, फोन आला. "तुझा भाचा तिकडे गाडीचं इंजिन उघडणार म्हणतो. कसलासा चार्जर बसवायचाय म्हणे. मोबाईलचा चार्जर ठाऊक आहे, गाडीचा कसला? तू शाळेत विज्ञान शिकवतोस ना, मग तूच बोल त्याच्याशी."

भाचा इंग्लंडमध्ये नोकरीला आहे. तिथे त्याने १९९१ सालची माझदा एमएक्स-५ घेतली आहे. दोन माणसांची, वरचे छप्पर उघडणारी छोटी स्पोर्ट्स कार. १९८९ साली ही गाडी शिकागोच्या प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आली, आणि आजही जगभरचे हौशी लोक ती घरच्या घरी खोलून दुरुस्त करतात. तिचे १.६ लिटरचे इंजिन साधारण ११५ हॉर्सपॉवरचे. भाच्याला ते कमी वाटू लागले होते.

आमचे अब्बा एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते, त्यामुळे पाना-स्क्रू ड्रायव्हरची भाषा आम्हाला परकी नाही. तरीही हा विषय आम्ही भाच्यासोबत नव्याने शिकलो. आपल्या कोकणातल्या कितीतरी घरांतली मुले परदेशात आहेत, आणि असे शौक त्यांनाही लागतात. अशा वेळी आई-वडिलांनी नुसते "नको रे बाबा" म्हणण्यापेक्षा नेमके काय विचारावे, ते कळावे म्हणून हा लेख.

सुपरचार्जर म्हणजे काय?

इंजिन पेट्रोल जाळते, पण जाळायला हवा लागते. साधे इंजिन पिस्टन खाली जाताना जेवढी हवा आपसूक आत येते तेवढीच घेते. सुपरचार्जर हा इंजिनच्याच पट्ट्यावर फिरणारा हवेचा पंप. तो जास्त हवा आत कोंबतो. हवा जास्त तर पेट्रोल जास्त जाळता येते, आणि म्हणून ताकद जास्त. टर्बोचे कामही हेच, पण तो सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूवर फिरतो. सुपरचार्जर पट्ट्यावर फिरतो, त्यामुळे ॲक्सिलरेटर दाबताच जोर मिळतो.

मूळ कल्पना गाड्यांच्याही आधीची आहे. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या रूट्स बंधूंनी १८६० साली असा हवेचा पंप पेटंट केला, आणि पुढे तो भट्ट्यांना व खाणींना हवा पुरवायला वापरला गेला. आजही या प्रकाराला 'रूट्स ब्लोअर' म्हणतात.

भाच्याने जुन्या मिनी कूपर एस गाडीतून निघालेला ईटन एम४५ हा ब्लोअर विकत घेतला होता. एमएक्स-५ वाले हौशी लोक तो बरेचदा वापरतात. नावातला ४५ आकडा म्हणजे एका फेऱ्यात तो ४५ घनइंच हवा ढकलतो. लिटरमध्ये सांगायचे तर साधारण ०.७४.

नववीच्या मुलालाही जमेल असे गणित

१.६ लिटरचे इंजिन दोन फेऱ्यांत १.६ लिटर हवा घेते, म्हणजे एका फेऱ्याला ०.८ लिटर. ब्लोअर इंजिनच्याच वेगाने फिरला तर तो ०.७४ लिटरच देईल. फायदा शून्य, उलट अडथळा. म्हणून ब्लोअरची पुली लहान ठेवतात. इंजिनची पुली १२० मिलिमीटरची आणि ब्लोअरची ६० ची असेल, तर ब्लोअर दुप्पट फिरेल आणि ०.८ च्या जागी जवळजवळ १.४८ लिटर ढकलेल. हा कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षात थोडी हवा फटींतून मागे गळते आणि गरम झाल्याने फुगते, म्हणून फायदा त्याहून कमी मिळतो. इंजिन ७,००० फेऱ्यांवर गेले की हा ब्लोअर मिनिटाला १४,००० फेरे घेतो, हेही लक्षात ठेवा. पुली केसभर तिरकी बसली तरी पट्टा उडतो.

पुली जितकी लहान, दाब तितका जास्त. मोह होतो तो इथेच. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १४.७ पीएसआय असतो. घरगुती किटमध्ये त्यावर साधारण ६ पीएसआय वाढवतात. आपण टायरमध्ये ३० भरतो, त्यापुढे ६ म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण इंजिनसाठी ही हवेच्या दाबात ४० टक्क्यांची वाढ आहे.

धोका कशात आहे?

सायकलला पंपाने हवा भरताना पंपाचे तोंड तापते, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. हवा दाबली की गरम होते. ब्लोअरमध्येही तेच होते. ती तापलेली हवा इंजिनमध्ये पुन्हा दाबली जाते. या माझदाच्या इंजिनात ती ९.४ पट दाबली जाते.

पेट्रोल आणि हवेचे मिश्रण स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटावे आणि एका टोकाकडून दुसरीकडे जळत जावे, हा नियम. उष्णता आणि दाब हद्दीबाहेर गेले की उरलेले मिश्रण स्वतःच एकदम पेटते. त्याला नॉकिंग म्हणतात. इंजिनमधून टकटक ऐकू येते ती हीच. एकेक ठोका म्हणजे पिस्टनच्या डोक्यावर हातोडा. पूर्ण जोरात असताना असे थोडा वेळ चालले, तरी पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटते आणि इंजिन कामातून जाते. मोटरवेवर ताशी ७० मैलांच्या वेगात इंजिन असे बसले तर काय होईल, ते आपाला सांगण्याची आमची हिंमत झाली नाही.

यावर उपाय तीन. पहिला, पेट्रोल पुरेसे द्यायचे. सामान्यपणे पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग (वजनाने) लागतात. दाबाखाली मात्र हे प्रमाण ११.५ ते १२ पर्यंत आणतात, म्हणजे पेट्रोल जास्त. त्यासाठी मोठे इंजेक्टर आणि गाडीचा संगणक नव्याने जुळवावा लागतो. १९९१ च्या संगणकाला ब्लोअर म्हणजे काय हे माहीतच नाही. दुसरा उपाय, दाब वाढेल तशी ठिणगी थोडी उशिरा पाडायची. तिसरा, थोडे थंड प्रकारचे प्लग लावायचे आणि जास्त ऑक्टेनचे पेट्रोल भरायचे. तिथे साधे पेट्रोल ९५ चे आणि भारीतले ९७ ते ९९ चे मिळते.

थोडक्यात, नट-बोल्ट आवळून ब्लोअर बसवणे हे निम्मेच काम. इंजिन जगणार की मरणार, हे पेट्रोल आणि ठिणगीच्या जुळणीवर ठरते.

पाना हातात घेण्याआधी

आम्ही भाच्याला विचारले, "इंजिनची तब्येत तपासलीस का?" तो म्हणाला, "मामू, मस्त चालतं."

मस्त चालते म्हणजे मस्त आहे असे नाही. अब्बा नेहमी कॉम्प्रेशन टेस्ट करायला लावत. इंजिन गरम करायचे, इंधन व इग्निशन बंद करायचे, चारही प्लग काढायचे, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवायचा आणि एकेका सिलिंडरला गेज लावून स्टार्टर फिरवायचा. चारही आकडे जवळपास सारखे हवेत.

भाच्याचे आकडे आले १८०, १७८, १८२ आणि १४०.

चौथ्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजायला सांगितले. आकडा वाढला असता तर रिंग झिजलेली. वाढला नाही, म्हणजे हवा व्हॉल्व्हमधून गळत होती. तीस वर्षे पळालेल्या इंजिनात असे व्हायचेच. पण त्याच्यावर ब्लोअर चढवला असता तर तो व्हॉल्व्ह पुरता जळाला असता. हेड उतरवले, व्हॉल्व्ह बदलला, सीट घासून घेतली, नवे गॅस्केट घातले. ब्लोअरसाठी साठवलेल्या पैशांतले बरेचसे त्यात गेले. भाचा आठवडाभर आमच्याशी नीट बोलला नाही.

इंजिनसोबत क्लच, ब्रेक, रेडिएटर आणि टायर यांचीही तपासणी हवी. ताकद वाढवायची आणि ब्रेक जुनेच ठेवायचे, हे शहाणपण नव्हे.

काम करताना

क्रम असा असतो. आधी पेट्रोलच्या नळीतला दाब उतरवायचा. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यायचे, म्हणजे नळी सोडताना पेट्रोल उडत नाही. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. आग विझवण्याचा सिलिंडर हाताशी हवा. गाडीखाली जायचे असेल तर जॅक स्टँड लावूनच. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मान घालू नये, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही. आणि गॅरेजचे दार बंद करून इंजिन कधीही चालू करू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस बेशुद्ध होईपर्यंत कळत नाही.

जुन्या ब्लोअरच्या गिअरला स्वतःचे वेगळे तेल असते. वर्षांनुवर्षे चाललेल्या ब्लोअरमध्ये ते आटलेले असू शकते, म्हणून बसवण्याआधीच बदलून घ्यावे. मग ब्रॅकेट, पुलीची सरळ रेषा, पट्टा, हवेचे पाइप. प्रत्येक जोडाला क्लिप हवी, कारण आधी जी नळी फक्त ओढ सोसायची तिला आता दाब सोसायचा आहे. बायपास व्हॉल्व्ह विसरू नये. जोर नको असतो तेव्हा तो हवा परत फिरवतो, त्यामुळे उष्णता आणि पेट्रोल दोन्ही वाचते.

गाडी सुरू झाली म्हणून लगेच रस्त्यावर न्यायची नाही. ट्यूनिंगवाल्याकडे रोलिंग रोडवर, म्हणजे चाके जागच्या जागी फिरवणाऱ्या रुळांवर, चढवायची. तिथे वाइडबँड सेन्सरने पेट्रोलचे प्रमाण पाहत, थोडा थोडा दाब देत जुळणी होते. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. यात पैसे वाचवणे म्हणजे लग्नात सगळा खर्च करून बिर्याणीत मीठ न घालणे.

आपाचा प्रश्न

सगळे ठरत आले तेव्हा व्हिडिओ कॉलवर आपा होती. तिला पुली कळत नाही, पीएसआय कळत नाही. तिने एवढेच विचारले, "अरे, इन्शुरन्सवाल्यांना सांगितलंस का?"

भाचा गप्प. सांगितले नव्हते. हप्ता वाढेल म्हणून.

ब्रिटनमध्ये विमा कंपनीने विचारलेल्या माहितीत चूक होणार नाही याची वाजवी काळजी घेणे ही ग्राहकाची जबाबदारी आहे, असे २०१२ चा तिथला कायदा सांगतो. गाडीतला बदल लपवला आणि अपघात झाला, तर कंपनी क्लेम नाकारू शकते. विमा नसताना गाडी चालवताना पकडले तर ३०० पौंड दंड आणि लायसन्सवर ६ पॉइंट, प्रकरण कोर्टात गेले तर त्याहून जास्त. लायसन्स मिळून दोन वर्षे झाली नसतील आणि ६ पॉइंट पडले, तर लायसन्सच जाते. आणि पैशाच्याही पलीकडे, आपल्या गाडीने कुणाला इजा झाली तर त्याची भरपाई हा त्या माणसाचा हक्क आहे. तो हक्क आपल्या लपवाछपवीमुळे अडकू नये.

इथल्या मुलांसाठी

हे वाचून रत्नागिरी-मालेगावच्या पोरांनी उत्साहात येऊ नये. भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ साली सुप्रीम कोर्टानेही हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर असा बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. सीएनजी किट बसवतानासुद्धा मान्यताप्राप्त किट आणि आरसी बुकावर नोंद लागते. इथे घरी सुपरचार्जर बसवून रस्त्यावर येणे म्हणजे थेट गुन्हा.

शेवटी

मोटारींच्या इतिहासातली एक गोष्ट भाच्याला मुद्दाम सांगितली. १९३० च्या सुमारास बेंटले कंपनीने सुपरचार्जर लावलेली 'ब्लोअर' गाडी काढली. खुद्द डब्ल्यू. ओ. बेंटले यांना ती कल्पना पसंत नव्हती. इंजिन मोठे करा, असे त्यांचे मत. १९३० च्या ल मान्स शर्यतीत ब्लोअर गाड्या अर्ध्यातच बंद पडल्या, आणि शर्यत जिंकली ती बेंटलेचीच, सुपरचार्जर नसलेली स्पीड सिक्स. चोवीस तासांच्या शर्यतीत शेवटपर्यंत टिकणाराच जिंकतो.

भाच्याने विमा कंपनीला लेखी कळवले. हप्ता वाढला. वाढीव हप्ता परवडेपर्यंत ब्लोअर टॉवेलात गुंडाळून कपाटात राहिला, आणि आठ महिन्यांनी गाडीवर चढला. आपाने त्याच्याकडून विम्याचा नवा कागद व्हॉट्सॲपवर मागवून घेतला. गाडीचा फोटो त्याने न मागताच पाठवला होता.

तुमच्या घरात कुणी असा बेत आखत असेल तर त्याला चार गोष्टी विचारा. इंजिनचे कॉम्प्रेशन मोजले का? पेट्रोल आणि ठिणगीची जुळणी कोण करणार? ब्रेक तेवढे चांगले आहेत का? आणि विमा कंपनीला लेखी कळवले का? चारपैकी एकाचेही उत्तर "बघू नंतर" असे आले, तर ब्लोअर कपाटातच राहू द्या.