पाच कामं, एक तिजोरी

'एका वेळी एकच काम हाती घे गं!' हे वाक्य ऐकलं नाही अशी बाई विरळाच. पण मैत्रिणींनो, घर असो की देश, कामं काही रांग लावून येत नाहीत.

जुलै १९८३ मध्ये सरकारनं ३८८ कोटी रुपये मंजूर केले आणि पृथ्वी, त्रिशूल, आकाश, नाग, अग्नी या पाच क्षेपणास्त्रांचं काम एकदमच सुरू झालं. खरं तर डॉ. अब्दुल कलाम आणि डॉ. अरुणाचलम टप्प्याटप्प्यानं करायची योजना घेऊन गेले होते. संरक्षणमंत्री आर. व्यंकटरामन यांनी सुचवलं, सगळी एकत्र करा. त्याचा फायदाही झाला. १९८९ मध्ये उडालेल्या अग्नीचा खालचा टप्पा उपग्रह सोडणाऱ्या एसएलव्ही-३ वरून घेतला होता, वरचा पृथ्वीवरून. एकीचं भिजवलेलं पीठ दुसरीच्या पोळीला!

पण पाचही लेकरं सारख्या वेगानं वाढली नाहीत. आकाश २०१५ मध्ये सैन्यात आलं. नागची शेवटची चाचणी २०२० मध्ये झाली. त्रिशूल रखडलं, नौदलानं इस्रायलचं बराक घेतलं. अखेर २००८ मध्ये त्रिशूल बंद झाल्याचं जाहीर झालं. इतक्या वर्षांच्या मेहनतीवर पडदा टाकायचा, सोपं का आहे?

आमच्या बचत गटाचंही असंच. पापड, मसाले, शेवया आणि आवळा सुपारी, चारही एका कर्जावर. आवळा सुपारी दोन वर्षं खपेना, पण हप्ता थांबत नव्हता. ती सुरू करणाऱ्या काकूंना सांगणार कोण? शेवटी बैठकीत प्रत्येक मालाचा खर्च, विक्री आणि लागलेले दिवस वहीत मांडले. आकडे बोलले, आम्हाला बोलावं लागलं नाही. सुपारी बंद केली. तिचा ड्रायर शेवयांना लावला. काकू दोन महिने बैठकीला आल्या नाहीत. आता मसाल्याचं सगळं त्याच बघतात.

आणि हो, ही कामं बायकांना नवी नाहीत. केरळच्या टेसी थॉमस पुण्यात शिकल्या, १९८८ मध्ये संरक्षण संशोधनात आल्या आणि २०११ मध्ये यशस्वी झालेल्या अग्नी-४ च्या प्रकल्प संचालक होत्या.

तेव्हा एक वही घ्या. हातातली सगळी कामं लिहा. कशाला पैसा लागतोय, कशाचं सामान दुसरीकडे वापरता येईल आणि काय थांबवायला हवं, ते बघा. थांबवणं म्हणजे हरणं नव्हे, बायांनो. उरलेल्या कामांना त्यानंच बळ मिळतं.