गाडीच्या शेडची जमीन कशी करावी?

दारात दुचाकी आली, कुणाकडे चारचाकी किंवा ट्रॅक्टर आला, की घराशेजारी पत्र्याची शेड उभी राहते. बचत गटातून त्यासाठी कर्ज मागायला येणाऱ्या बायांना आम्ही विचारतो, "खाली काय घालणार?" पुष्कळदा उत्तर येतं, "गवंडी म्हणेल ते." हप्ते आपण भरणार, तर जमीनही आपणच ठरवायला हवी.

चकचकीत टाइल्स शेडमध्ये घालू नका. ऑइलचे दोन थेंब आणि पावसाचं पाणी एकत्र आलं, की त्यावरून पाय सटकतो. याच शेडमधून आपण डोक्यावर हंडा घेऊन जातो, सासूबाईही जातात. शिवाय गाडीच्या स्टँडखाली टाइल फुटते. पातळ शहाबादी फरशीखाली पोकळी राहिली, तर तीही तडकते. खडबडीत कोबा सगळ्यांत बरा.

कोब्याची ताकद त्याच्या खाली असते. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते, म्हणून कोबा तडकतो. ती काढून मुरूम भरा, पाणी मारा, थराथराने धुमसा. त्यावर एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, चार भाग खडी असा चार इंचांचा थर घाला. दहा बाय बारा फुटांच्या शेडला सिमेंटची सुमारे सात-आठ पोती लागतात. ट्रॅक्टर ठेवणार असाल, तर थर सहा इंचांचा करा आणि आत लोखंडी जाळी घाला. माल पसरायला सोपा जावा म्हणून त्यात जास्त पाणी ओतू देऊ नका, कोबा कच्चा राहतो. उतार घराकडे नको, बाहेर हवा. पाच फुटांना एक इंच पुरे. वरून खराट्याने रेघा ओढून घ्या.

दुसऱ्या दिवसापासून ओली पोती अंथरून निदान सात दिवस, जमल्यास दहा दिवस, कोबा ओला ठेवा. हे काम बहुधा आपल्याच वाट्याला येतं आणि कोबा किती टिकणार ते यावरच ठरतं. दुचाकी दहा दिवसांनी आत घ्या, जड गाडी मात्र 28 दिवसांनी.

एवढे पैसे आत्ता नसतील, तर धुमसलेला मुरूमही चालतो. दर पावसाळ्यानंतर खड्डे भरून पुन्हा धुमसायचा.

रोजची निगा सोपी आहे. स्टँडखाली लाकडाची फळी ठेवा. ऑइल सांडलं तर लगेच भुसा किंवा गार राख टाका, शोषलं की झाडून घ्या, मग धुण्याच्या पावडरीने घासा. तो भुसा चुलीत किंवा ओढ्यात टाकू नका. संडासाचं ॲसिड कोब्यावर ओतू नका, ते सिमेंट खातं. बारीक चीर दिसली, तर पावसाआधी सिमेंटने भरून घ्या.

गवंड्याशी बोलायला जाताना थराची जाडी, मालाचं प्रमाण आणि उताराची दिशा कागदावर लिहून न्या. काम चालू असताना समोर उभ्या राहा आणि पट्टीने थर मोजून घ्या.