बंद शाळांची थकबाकी

जानेवारी 2021 मध्ये अझीम प्रेमजी विद्यापीठाने पाच राज्यांतल्या 1,137 सरकारी शाळांमधल्या 16,067 मुलांची पाहणी केली. दुसरी ते सहावीतली ही मुलं वर्षभरात नवं काय शिकली, हे त्यात बघायचं नव्हतं. शाळा बंद होताना जे येत होतं, त्यातलं काय विसरली, एवढंच तपासायचं होतं. 92 टक्के मुलं भाषेतलं किमान एक कौशल्य गमावून बसली होती, तर गणितातलं 82 टक्के. चित्र बघून त्याबद्दल बोलणं, ओळखीचे शब्द वाचणं, आकडे ओळखणं अशा साध्या गोष्टी होत्या त्या.

महाराष्ट्रातही मार्च 2020 मध्ये शाळांना कुलूप लागलं. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ म्हणत शिक्षकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर अभ्यास पाठवला, पालघरच्या पाड्यांवर ध्वनिक्षेपकावरून धडे ऐकवले गेले. पहिली ते चौथीचे वर्ग मात्र थेट डिसेंबर 2021 मध्ये उघडले. म्हणजे जून 2020 मध्ये पहिलीत नाव घातलेलं मूल बाईंसमोर प्रत्यक्ष बसलं, तेव्हा दुसरीचं निम्मं वर्ष सरलं होतं.

मोबाईलने ही पोकळी भरली नाही. 2021 मध्ये 15 राज्यांतल्या गरीब वस्त्यांमधल्या सुमारे 1,400 मुलांची पाहणी झाली. खेड्यांत नियमित ऑनलाइन शिकणारी मुलं होती जेमतेम 8 टक्के; 37 टक्के मुलांचा अभ्यास पूर्ण थांबला होता.

शाळा उघडल्या की गाडी आपोआप रुळावर येते, असं अनेकांना वाटतं. पाकिस्तानातला अनुभव वेगळं सांगतो. तिथे 2005 च्या भूकंपानंतर शाळा साधारण 14 आठवडे बंद होत्या. चार वर्षांनी तपासलं, तर भूकंपाच्या पट्ट्यातली मुलं दीड ते दोन वर्षांनी मागे पडलेली आढळली. तुटलेला धागा तसाच राहिला की अंतर वाढत जातं: मूल वरच्या वर्गात जातं, पुस्तकही वरच्या वर्गाचं येतं, आणि जोडाक्षरांशी अडखळणाऱ्या मुलाला पानभर उतारा समोर येतो. पाकिस्तानात ज्यांच्या आया शिकलेल्या होत्या, त्या मुलांची अशी घसरण झाली नव्हती.

तामिळनाडूने हा धागा मुद्दाम सांधायला घेतला. 2021 च्या अखेरीस तिथे ‘इल्लम तेडी कल्वी’ ही योजना सुरू झाली. सुमारे दोन लाख स्वयंसेवक शाळा सुटल्यावर वस्तीतच मुलांना तास-दीड तास शिकवू लागले. तिथल्या ग्रामीण भागातल्या सुमारे 19,000 मुलांच्या अभ्यासातून दिसलं, की शाळा सुरू झाल्यावर सहा महिन्यांतच दोन तृतीयांश नुकसान भरून निघालं. त्या भरपाईतला जवळपास चौथा हिस्सा या वर्गांचा होता.

देशभराचं चित्र ‘असर’ या ग्रामीण मुलांच्या शिक्षणाच्या पाहणीत दिसतं. दुसरीचा उतारा वाचू शकणारी तिसरीची मुलं 2018 मध्ये 27.3 टक्के होती, 2022 मध्ये ती 20.5 टक्क्यांवर घसरली आणि 2024 मध्ये 27.1 टक्क्यांवर आली. वजाबाकीत तर ही मुलं 2018 च्याही पुढे गेली.

ही सुधारणा खरी आहे, पण 2024 मधली तिसरीची मुलं शाळा उघडल्यानंतर पहिलीत आलेली होती. जून 2020 मध्ये पहिलीत गेलेली मुलं त्या वर्षी पाचवीत होती, आणि त्यांच्यातली निम्म्याहून अधिक मुलं दुसरीचा उतारा वाचू शकत नव्हती. 2018 मधल्या पाचवीपेक्षाही ती मागे होती.

हीच मुलं 2030 मध्ये दहावीच्या परीक्षेला बसतील. तोवर माध्यमिक शाळांनी प्रत्येक मुलाला समोर बसवून एकदा वाचायला लावावं, दोन अंकी संख्यांची वजाबाकी करायला द्यावी, आणि जे अडतील त्यांच्यासाठी रोजच्या वेळापत्रकात एक तास राखून ठेवावा. पालकांनीही शाळेकडे तो तास हक्काने मागावा.